शेवटचं प्रकरण टेबलावर ठेवा

नाही सर, ते होणार नाही. म्हणजे बटण दाबलं की फाइल उडते, त्यात काही मोठं शास्त्र नाही, पण ते बटण मी दाबणार नाही — तुम्ही मुख्याध्यापक आहात ते तुमच्या शाळेत, इथे टायपिंगच्या दुकानात तुम्ही गिऱ्हाईकसुद्धा नाही. गिऱ्हाईक तुमच्या आई. कादंबरी त्यांची, काम त्यांनी दिलंय, थांबवायचं तर त्या थांबवतील. आणि त्यांनी तुम्हाला काही थांबवायला पाठवलेलं नाही, शेवटचं प्रकरण द्यायला पाठवलंय. मला माहीत आहे ना, फोन आला होता त्यांचा — डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पट्टी आहे, मुलगा शाळेत जाता जाता देईल म्हणाल्या. तो मुलगा म्हणजे तुम्ही आणि ते प्रकरण म्हणजे ते, तुमच्या हातातलं. त्याची सुरळी करू नका. शाईचं पेन वापरतात त्या, घामाच्या हाताने अक्षर फुटतं, मग अर्ध्या ओळी मला अंदाजाने वाचाव्या लागतात, आणि माझ्या अंदाजाचं काय होतं ते तुम्हाला माहीत नाही. टेबलावर ठेवा. बरं, नका ठेवू. बसा तरी.

त्या स्टुलावर नको. त्याचा एक पाय आखूड आहे, आत्या नको असलेल्या गिऱ्हाइकांना मुद्दाम तिथे बसवते, लवकर उठतात. खुर्चीवरचे गठ्ठे खाली ठेवा, जाहिरातींचे आहेत, चुरगळले तरी चालतील. आत्या म्हणजे मालकीण, माझ्या वडिलांची बहीण. छापखान्यात गेलीय. ती असती तर तिने तुम्हाला चहा पाजला असता, 'सर, सर' केलं असतं आणि फाइल उडवलीही असती, कारण तुमच्या शाळेचा वार्षिक अंक दर वर्षी आमच्याकडे येतो. हो, तो मीच लावते. तुमचं 'मुख्याध्यापकांचे मनोगत'सुद्धा. आता विषय निघालाच आहे तर सांगते — ते मी टाइप करत नाही. मागच्या अंकातलं उचलते, साल बदलते, झालं. पहिल्यांदा तुमच्या कागदाशी ताडून पाहिलं होतं, एक स्वल्पविराम वेगळा निघाला. अजूनपर्यंत कुणी काही बोललेलं नाही. तुम्हीही नाही. रागावू नका, तुमच्यावर खास राग नाही माझा, मोठी माणसं लिहितातच तशी — ज्याला कुणी नाही म्हणणार नाही असं. हे सांगतेय, कारण तुमच्या आई तसं लिहीत नाहीत, आणि हे तुमच्या लक्षात आलंय, म्हणून तर तुम्ही शाळा सोडून इथे आलात.

वाचलं नाही म्हणताय? नुसतं चाळलंत? सर, आत्ता आत आल्या आल्या तुम्ही काय म्हणालात — 'ती बाई, तो कुलूपवाला आणि ते तीन पायांचं कुत्रं, हे सगळं लोक आमच्या घराशी जोडतील.' कुत्रं नवव्या प्रकरणात येतं. मधेच, एका परिच्छेदात, आणि तीन पायांचं आहे हे तर आणखी दोन पानांनी कळतं. चाळणाऱ्या माणसाला तीन पायांचं कुत्रं सापडत नाही. आई म्हणाल्याच होत्या मला, की घरी नेलेली प्रूफं रात्री टेबलावरून गायब होतात आणि सकाळी बाथरूमच्या खिडकीत सापडतात. ओली. त्यांना वाटलं सूनबाई वाचतेय. मी म्हटलं, असेल. तर तुम्ही वाचलीय. मीही वाचलीय, आणि मी तर वाचायलाच नको होती.

आत्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं — टाइप करणाऱ्याने वाचायचं नाही. अक्षर डोळ्यांतून आत येतं, बोटांतून बाहेर जातं, मध्ये डोकं येऊ द्यायचं नाही. डोकं मध्ये आलं की ते पुढचा शब्द आधीच ठरवून टाकतं, आणि मग बोटं कागदावरचं सोडून डोक्यातलं टाइप करतात. वाचणारा चुकतो. मला हे काम सोपं गेलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मला तेच तर शिकवलं होतं, डोकं मध्ये न आणता वाचायला. ते सोडून आले तर इथे त्याच्यावर पोट चालायला लागलं, म्हणजे शिक्षण वाया गेलं असं वडील म्हणतात ते काही खरं नाही. इथे मी काय काय टाइप केलंय — भाडेकरार, मुळव्याधीच्या दवाखान्याची पत्रकं, एका साहेबांचं आत्मचरित्र, ज्यात साहेब कधीच चुकत नाहीत. एकही शब्द आत गेला नाही. हात धुऊन घरी. मग तुमच्या आई आल्या. हातात कापडी पिशवी, तिच्यात पहिली तीन प्रकरणं, आणि म्हणाल्या, कादंबरी आहे, प्रेमाची आहे, खून पण आहे. तोंड असं, जणू रक्त तपासायला दिलंय. मी म्हटलं, आजी, ठेवा इथे. त्या म्हणाल्या, आजी म्हणू नकोस, मला नातवंडं आहेत, तेवढी पुरे झाली. मग मॅडम म्हणायला लागले. निवृत्त नर्स हे मला नंतर कळलं, अक्षर मात्र आधीच कळलं होतं — डॉक्टरांचं वाचून वाचून ज्यांना स्वतःचं नीट काढायची खुमखुमी असते तसलं.

मला असल्या कादंबऱ्यांचा तिटकारा आहे, म्हणजे होता, म्हणजे अजूनही आहे. लहान गाव, धुकं, परत आलेली बाई, जुना मित्र, रडारड, शेवटी लग्न. कॉलेजच्या होस्टेलवर मुली उशाखाली ठेवायच्या, मी त्यांना हसायचे. म्हणून पहिली दोन प्रकरणं मी नेहमीसारखी मारली, डोळ्यांतून बोटांत. तिसऱ्यात अडकले. तुम्हाला माहीत आहे कुठे ते. ती औषधाच्या दुकानात उभी असते — वडील गेले म्हणून दुकान विकायला आलेली, आठवड्यात परत जायचं असतं तिला — आणि समोरचा कुलूपवाला येतो आणि एक चिकटपट्टी मागतो, जखमेवरची. दुसऱ्या दिवशी परत एक. तिसऱ्या दिवशी परत. बोटाला काही झालेलं नसतं. तीही काही विचारत नाही, फक्त चौथ्या दिवशी तो यायच्या आधी एक पट्टी काढून काउंटरवर ठेवते. एवढंच. 'प्रेम' हा शब्द नाही, हात धरणं नाही, काही नाही. माझी बोटं थांबली. आत्याने आतून विचारलं, लाइट गेली का? मी म्हटलं, हो. पंखा चालू होता डोक्यावर.

तेव्हापासून मी वाट बघायला लागले. कामाला उशीर करणारी मुलगी मी, पण ज्या दिवशी मॅडम पुढचं प्रकरण आणणार त्या दिवशी आत्याच्या आधी येऊन शटर उघडायचे. त्या लिहितील तसं आणून द्यायच्या, एकेक, आणि मागच्याचं प्रूफ इथेच बसून तपासायच्या, तुम्ही बसलाय तिथेच. पुढे काय होतं ते विचारायची सोय नव्हती. एकदा विचारलं, की लाकडाच्या वखारीचा मालक ऑफिसात कोंडला जाऊन जळून मेला तर दार बाहेरून बंद केलं कुणी? तर म्हणाल्या, तू टाइप कर. मी आत्याला गोष्ट सांगायचा प्रयत्न केला, तर ती म्हणाली, कुलूपवाल्यानेच केलं असणार, कुलपं त्यालाच येतात. अख्ख्या गावासारखंच बोलली. कादंबरीतलं गावही तेच म्हणतं ना. वखारवाल्याशी त्याचं भांडण झालेलं, कुलपं उघडायची कला त्याच्या हातात, आणि आग लागली त्या रात्री तो कुठे होता ते तो सांगत नाही. मी आत्याशी दोन दिवस बोलले नाही. तिला कारण कळलं नाही, तिला वाटलं पगाराचं आहे.

आता तुमचं म्हणणं काय ते मला कळलंय, परत सांगू नका. बाराव्या प्रकरणाचा शेवट. आग लागली त्या रात्री तो तिच्या दारावर येतो, ती आतल्या बाजूला कडीवर हात ठेवून उभी असते, आणि मग — 'तिने कडी काढली.' त्याच्यापुढे सकाळ. मधलं काही लिहिलेलं नाही, पण तुमच्या शाळेतल्या बाई, तुमच्या संस्थेचे लोक, तुमचे साडू, सगळे मधलं आपापलं भरून घेतील. आईचं वय काय, लिहिते काय. बरोबर? आणि आई जिथे नर्स होत्या तेही असंच लहान गाव. आणि तुम्ही तेव्हा — काय? हॉस्पिटलच्या क्वार्टरसमोर कुलपांचं दुकान होतं? खरंच होतं? आणि तुम्हाला आठवतंय ते, म्हणजे तुम्ही किती, पाच-सहा वर्षांचे असाल. वडील बदलीच्या गावी. तो तुम्हाला किल्ल्यांचा जुडगा खेळायला द्यायचा. हं. हे तुम्ही मला सांगायला नको होतं, सर, मी विचारलं नव्हतं. माझं काम टाइप करायचं आहे.

थांबा. त्या कागदांकडे असे खाली बघत बसू नका, मला बघवत नाही. आत्तापर्यंत बोलत होतात तेच बरं होतं. एक गोष्ट सांगते, ती सांगायची नव्हती, आत्याला कळलं तर काढून टाकेल मला आणि तिच्या घरी माळ्यावर झोपते तेही जाईल. ते वाक्य तुमच्या आईंचं नाही. 'तिने कडी काढली.' हे माझं आहे. म्हणजे टाइप सगळंच मी केलंय, पण हे वाक्य कागदावर नव्हतंच. कागदावर होतं — 'तिने कडीवरचा हात काढला.' तो थोडा वेळ थांबतो आणि निघून जातो, त्याच्या पावलांचा आवाज तिला कोपऱ्यापर्यंत ऐकू येतो, असं दोन ओळींत होतं. मला त्या दोन ओळी दिसल्याच नाहीत. मी वाचत होते ना. डोकं पूर्ण मध्ये आलेलं. माझं डोकं म्हणत होतं, उघड, बाई, उघड, तो बाहेर उभा आहे — आणि बोटांनी उघडलं. मुद्दाम नाही केलं. आईशप्पथ. पुढच्या परिच्छेदाला 'सकाळी' होतं, ते जुळलंही, म्हणून लक्षात आलं नाही.

का म्हणजे? चूक म्हणजे चूक, त्याला का नसतं. असतं. बाहेर उभं राहिलेल्या माणसाला आतली कडी ऐकू येते, सर. हात लागला की ती थोडी वाजते. कॉलेज सोडून मी घरी गेले तेव्हा भर दुपार होती, बॅग होती, आणि आतून कडी वाजली, म्हणजे कुणीतरी हात लावला होता, आणि मग वाजायची थांबली. वडील आतून म्हणाले, आधी परत जाऊन नाव घालून ये, मग बोलू. टीव्ही चालू होता, मॅच होती, कुणीतरी चौकार मारला. हात आईचा असणार, वडील खुर्चीतून उठत नाहीत मॅच असली की. शेजारच्या काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी एकच चादर इतका वेळ झटकली की तिच्यात काही राहिलं नसेल. मग मी आत्याकडे आले. आत्या मला आवडते असं नाही, तिने दार उघडलं एवढंच, आणि तेही तिला माणूस हवं होतं म्हणून. हे मी तुम्हाला का सांगतेय ते मला माहीत नाही. तुम्ही विचारलंत का, म्हणून.

तर ते प्रूफ मॅडमकडे गेलं. इथेच बसल्या होत्या. लाल पेन्सिल. बाराव्याच्या शेवटी आल्या आणि थांबल्या. मी तेव्हाच मूळ कागद बघितला आणि त्या दोन ओळी मला पहिल्यांदा दिसल्या. त्यांनी वाक्यावर लाल रेघ मारली, सरळ, एकदाच. मी म्हटलं, मॅडम, चुकलं, आत्ता दुरुस्त करते. त्यांनी हाताने गप्प केलं. पाणी मागितलं, दिलं, प्यायल्या नाहीत. रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होता तिकडे बघत बसल्या, गाडीवाला निघून गेला तरी. मग पेन्सिल घेतली आणि त्या खोडलेल्या वाक्याच्या खाली ठिपके दिले. एकेक, शेवटपर्यंत. तुम्हाला प्रूफाच्या खुणा माहीत नसतील. खोडलेल्याच्या खाली ठिपके म्हणजे — खोडलं ते खोडू नका, राहू द्या. मग त्यांनी त्या दोन ओळी, पावलांच्या, मूळ कागदावर होत्या ना, त्या माझ्यासमोर पेनाने काटल्या. पिशवी उचलली. दारात म्हणाल्या, पुढचं प्रकरण यायला वेळ लागेल, मला ते आता दुसरं लिहावं लागेल. महिनाभर आल्या नाहीत.

म्हणजे तुम्हाला हवं होतं ते मिळालं, सर. लोकांचं सोडा, तुम्हाला जे जाणून घ्यायचं होतं ते. तुमच्या आईंनी आधी जे लिहिलं होतं त्यात दार उघडलेलं नाही. हात ठेवला आणि काढून घेतला. क्वार्टरचं मला माहीत नाही, मी कागदाचं सांगतेय, तुम्ही काय जोडायचं ते जोडा. आता बरं वाटायला पाहिजे तुम्हाला. तुमचा चेहरा तसा दिसत नाही. तुम्ही तर — पाणी देऊ का? नको तर नको. किल्ल्यांचा जुडगा खेळायला देणारा माणूस कोपऱ्यापर्यंत चालत गेला, ते तुम्हाला आत्ता कळलं, असं काहीसं दिसतंय तुमच्याकडे बघून. मला माणसं समजवायला येत नाहीत. घरी कुणाला येत नव्हतं.

आता माझं ऐका. त्या पट्टी बांधून पडल्यात. परत लिहू शकणार नाहीत, ही एकच प्रत आहे, तुमच्या हातात. तुम्ही ती घरी नेऊन कपाटात टाकली तर त्या काही बोलणारही नाहीत, मोठ्या मुलाला बोलत नाहीत त्या, मला कळलंय ते. पण कुलूपवाला तिथे कोठडीत बसलाय, अठराव्याच्या शेवटी, उद्या त्याला मोठ्या कोर्टात नेणार, आणि त्याला फक्त 'मी त्या रात्री तिच्याकडे होतो' एवढं म्हणायचंय आणि तो म्हणत नाही, तिचं नाव जाईल म्हणून. आणि ती दुकानात बसून पट्ट्या मोजतेय. मी तिथे थांबलेय. मला माहीत आहे ही खोटी माणसं आहेत. मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, मी त्यांचं एकेक अक्षर लावलंय. तरी मी रोज शटर उघडते आणि पहिली गोष्ट डोक्यात येते की तो अजून आत आहे. हसायचं तर हसा. हसत नाही? बरं. मला दुसरं काही नको, पुस्तकावर नाव नको, मी चूक केली ते छापू नका, फक्त ते द्या आणि मला ते पहिल्या ओळीपासून वाचू द्या, मध्येच काही सांगू नका, कारण इतके दिवस मी — नाही, 'शेवट तर भलताच आहे' असं म्हणू नका. म्हणजे तुम्ही हेही वाचलंत. गाडीत? सिग्नलला? मग तर अजिबात बोलू नका. तुमची तक्रार मला ऐकायची नाही. 'अख्ख्या गावासमोर' म्हणजे काय, कोण अख्ख्या गावासमोर — सर, नका. सर, मी हात जोडते, त्यातलं एकही वाक्य —

सांगितलंत.

बाजाराच्या दिवशी. त्याला गाडीत चढवतात तेव्हा. सगळे उभे असताना ती दुकानातून रस्त्यावर येते आणि म्हणते, त्या रात्री तो माझ्या घरात होता, दार मी उघडलं. दोनदा म्हणते. कारण पहिल्यांदा सगळे ऐकलंच नाही असं दाखवतात.

आणि हे आईंना शोभत नाही असं तुम्हाला वाटतं म्हणून तुम्ही आलात. की हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय तुम्हाला राहवत नव्हतं, म्हणून. मला आता फरक पडत नाही. नाही, माफी मागू नका, तुमच्या वयाच्या माणसांना ती मागता येत नाही, मध्येच उपदेश सुरू होतो.

ठेवताय? ठेवा. त्या गठ्ठ्यावर नको, कीबोर्डच्या बाजूला. सरळ करून. प्रकरण एकोणीस, पान एक. बरोबर आहे. पानं सगळी आहेत.

एका दृष्टीने बरंच झालं. आता मला पुढचं माहीत आहे, म्हणजे डोकं मध्ये येणार नाही. कागदावर असेल तेच टाइप होईल. एकही चूक नाही होणार. मॅडमना तसं सांगा. घरी जाऊन सांगा, शाळेतून फोनवर नाही. आणि फाइल ठेवायची की उडवायची ते पट्टी सुटल्यावर त्या मला स्वतः सांगतील, मी तोवर सकाळ-संध्याकाळ तिची कॉपी काढून ठेवणार आहे.

अजून उभे का तुम्ही? शाळा भरली असेल. जा. आणि जाताना तो पंखा बंद करा, पानं उडतायत.